ही वस्तू घासणार कोण?

ताणाबाणा

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी धंद्यानं प्रॉडक्ट डिझायनर. म्हणजे डबे, बाटल्या, स्विच, झाकणं असल्या वस्तू कशा दिसाव्यात, कशा उघडाव्यात हे ठरवायचे मला पैसे मिळतात. बारा वर्षं पुण्यात काढली, आता काम घरूनच चालतं म्हणून जुळे सोलापुरात आईकडे मुक्काम आहे.

तर झालं असं की वाढदिवसाला एका मैत्रिणीनं लिंबू पिळायचा तो जगप्रसिद्ध कोळी दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाव ज्यूसी सॅलिफ, फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरनं केलेला, १९९० साली आलेसी या इटालियन कंपनीनं बाजारात आणला, ॲल्युमिनियमचा, तीन लांबच लांब पाय, वर उलट्या थेंबासारखं पन्हळी पाडलेलं डोकं, उंची जवळजवळ एक फूट. म्हणे इटलीत समुद्राकाठी माकुळ खाता खाता नॅपकिनवर त्याचं पहिलं चित्र काढलं. डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकानं याचा फोटो बघितलेला असतो, मी पण वर्षानुवर्षं फोटोतच बघितला होता, हातात घेतला आणि खरंच दोन मिनिटं काही बोलले नाही.

आईला म्हटलं आज सरबत यात करू. आईनं लिंबू कापलं, अर्धं त्या डोक्यावर ठेवलं आणि तिथंच पहिली गंमत. आपलं कागदी लिंबू केवढं असतं, ते त्या डोक्यावर वारकऱ्याच्या टोपीसारखं नुसतं बसलं. दाबून फिरवलं तर एक पाय ओट्यावर सर्रकन सरकला, थोडा रस खालच्या ग्लासात, थोडा पायावरून ओट्यावर आणि बराचसा आईच्या मनगटावरून कोपरापर्यंत. बिया सरळ ग्लासात. गाळणी आणायला लागलीच. आईनं ती वस्तू नळाखाली धरली, त्या पन्हळीतून बोट फिरवलं, सालीचा एक तंतू अडकला होता तो नखानं काढला आणि मला विचारलं, "दिसायला छान आहे गं. पण हे करणाऱ्यानं कधी घासलंय का स्वतः?"

मंडळी, माझ्या अख्ख्या शिक्षणात हा प्रश्न मला एकाही सरांनी विचारला नव्हता.

तेव्हापासून मला नादच लागलाय, कुठलीही हुशार, देखणी, नवीन वस्तू दिसली की पहिला प्रश्न, ही घासणार कोण? पुसणार कोण, उघडणार कोण, बिघडली तर नेणार कोण, सगळं त्यातच आलं. कारण बऱ्याच वस्तू काढतो एक, विकत घेतो दुसरा आणि मोरीत बसते तिसरीच.

या कसोटीवर माझ्या आवडीच्या यादीत बरीच उलथापालथ झाली. ऑक्सोचं सोलाणं वर चढलं. त्याची गोष्ट अशी की सॅम फार्बर म्हणून भांड्यांच्या धंद्यातले गृहस्थ, निवृत्त झाले होते, बायको बेट्सी, तिला बोटांच्या सांध्यांचा त्रास, नेहमीचं बारीक धातूचं सोलाणं धरता येईना. त्यातनं जाड, रबरी, बोटं टेकायला बाजूला बारीक बारीक पाती असलेली मूठ निघाली, ती पण १९९० मधलीच, म्हणजे कोळ्याच्याच वयाची. दिसायला काळं, जाडजूड, फोटोत काहीच वाटत नाही. पण ओल्या साबणाच्या हातातनं निसटत नाही आणि धुताना नळाखाली धरलं की झालं.

आणि खाली काय घसरलं, तर माझाच टिफिन. नाव सांगत नाही, हजार रुपयांच्या वरचा, चारी बाजूंनी कट्कन बसणारे कान, झाकणात सिलिकॉनचं रबर, डाळ घेऊन उलटा धरला तरी थेंब सांडणार नाही. सहा महिने त्याचे गोडवे गायले. मग एक दिवस वास यायला लागला. आईनं सेफ्टी पिननं ते रबर खाचेतनं उचकटलं तर खाली काळी बुरशीची रेघ, अख्ख्या चौकोनाला काजळ घातल्यासारखी. रबर निघतं हे त्या डब्यावर, खोक्यावर कुठंही लिहिलेलं नव्हतं आणि काढायला नख घालावं एवढी जागासुद्धा ठेवलेली नव्हती. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की नवीन झाकण विकत मिळेल.

तर तुमच्या घरातल्या अशा वस्तू सांगा. दिसायला भारी आणि घासायला पण भारी. किंवा नुसतीच दिसायला.

---

नवी_पेठ_कर

लई भारी धागा. तुमच्या त्या कोळ्याची किंमत आत्ता नेटवर बघितली. एवढ्या पैशात लक्ष्मी मंडईतनं पोतं भरून लिंबं येतील की, आणि पिळायला माणूस पण.

---

अक्काची_सून

टिफिनच्या रबराला +१००. आमच्याकडे तीन डबे, तीन रबरं आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही. सकाळी सात वाजता मी चौकोनी रबर गोल झाकणात बसवत असते आणि नवरा विचारतो, डबा झाला का.

मला तरी सगळ्यात हुशार वस्तू आतल्या झाकणाचा कुकर वाटतो, हॉकिन्सचा. झाकण तिरकं करून आत घालायचं आणि वाफच त्याला आतनं वर दाबून धरते. वाफ आहे तोवर तुम्ही कितीही जोर लावा, उघडत नाही, वाफ गेली की आपोआप सैल. म्हणजे माणूस घाईत असला, विसरभोळा असला तरी कुकरच त्याला थांबवतो. सासूबाईंचा कुकर माझ्या लग्नाच्या आधीचा आहे, रबर आणि शिट्टी सोडून काही बदललं नाही, आणि ती दोन्ही कुठल्याही भांड्याच्या दुकानात मिळतात.

---

दगडी_पाटी

चांगला विषय. धागाकर्तीला डिटर राम्स माहीत असतीलच, बाकीच्यांसाठी लिहितो. १९५५ मध्ये ब्राऊन या जर्मन कंपनीत लागले, रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, कॅल्क्युलेटर, शेव्हर असं काय काय केलं, आणि पुढं चांगल्या डिझाइनची दहा तत्त्वं मांडली. वस्तू उपयोगी असावी, प्रामाणिक असावी, टिकाऊ असावी, आणि शेवटचं म्हणजे डिझाइन शक्य तितकं कमी असावं. १९८७ चा त्यांचा आणि डिट्रिश लुब्सचा ईटी ६६ कॅल्क्युलेटर बघा आणि मग जुन्या आयफोनमधला कॅल्क्युलेटर बघा, काय ते कळेल. तुमच्या आईंचा प्रश्न या दहातच कुठंतरी बसतो असं मला वाटतं, वेगळी कसोटी काढायची गरज नाही.

---

पूर्वभाग

@दगडी_पाटी, बसत नाही ओ साहेब. ब्राऊनचीच गोष्ट ऐका. साठच्या दशकात मुंबईत माधुरी माथूर यांच्याकडे ब्राऊनचा मिक्सर होता. तो बिघडला, इथं दुरुस्त होईना. नवरा सत्यप्रकाश माथूर, इंजिनियर, त्यांनी आपल्याकडच्या वाटपाला पुरेल अशी दमदार मोटर घालून मिक्सरच काढला. तो सुमीत. जर्मन माणसानं काय फळं न् पीठ डोळ्यासमोर ठेवलं असणार, त्याला सोलापुरी शेंगा चटणीचं तेल सुटेपर्यंत वाटायचं असतं हे कोण सांगणार? टिकाऊ म्हणजे कुणाच्या स्वयंपाकघरात टिकाऊ, हे त्या दहात लिहिलंय का?

शेंगा चटणी खरी उखळातलीच, हा वाद इथं नको.

---

हुरडा_पार्टी

@पूर्वभाग, वाद इथंच पाहिजे. मिक्सरमधली ती चटणी नसते, ते शेंगदाण्याचं कूट असतं.

---

दगडी_पाटी

सुमीतची गोष्ट माहीत नव्हती, धन्यवाद. मुद्दा मान्य, अर्धा.

---

घड्याळजी

वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मी पण तिथंच लहानाचा मोठा झालो म्हणून दोन शब्द. स्टायलिश वस्तू म्हटलं की सगळे स्वॉचचं नाव घेतात. १९८३ ला आलं, प्लास्टिकचं, रंगीत, फक्त ५१ भाग, आधीच्या घड्याळात ९० च्या वर असायचे. डोकं लावलंय यात वादच नाही, स्विस लोकांचा बुडणारा धंदा त्यानं वर काढला. पण ते वडिलांकडे कुणी आणलं की वडील नुसते हातात फिरवायचे आणि परत द्यायचे. मागचं झाकणच नाही. वरची काच वितळवून चिकटवलेली. सेल बदलायला एक छोटी खिडकी, बस्स. वडील म्हणायचे हे घड्याळ नाही, हे उदबत्तीसारखं आहे, संपलं की संपलं.

त्याच्या उलट टायटन एज. २००२ मध्ये आलं तेव्हा जाडी साडेतीन मिलिमीटर, नाण्यांच्या चळतीत ठेवलं तर दिसणार नाही. आणि तरी उघडतं. बारीक काम आहे, हात थरथरणाऱ्यानं नादी लागू नये, पण उघडतं. मला विचाराल तर भारतात झालेलं सगळ्यात देखणं काम.

आणि एचएमटी जनता. चावी द्या, चालतंय. काय बोलायचं.

---

चष्मिष

मी पण डिझाइनचीच विद्यार्थिनी आहे (तिसरं वर्ष) आणि मला हा धागा थोडा अन्यायाचा वाटतोय, सॉरी. सगळ्या वस्तू घासायलाच सोप्या असाव्यात म्हटलं तर जगात फक्त स्टीलचे पेले उरतील. स्टार्कनं स्वतःच म्हटलंय असं सांगतात की तो कोळी लिंबं पिळायला नाहीच, गप्पा सुरू करायला आहे. नवी सून, सासू, अवघडलेली शांतता, आणि टेबलावर हे काहीतरी. मग ते काम तो करतोय की नाही? सुंदर असणं हे पण कामच आहे ना? तुम्ही पैठणी नेसताना ती घरी धुता येईल का बघून घेता का?

---

ताणाबाणा

@चष्मिष, सॉरी कशाला, हे कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं. आणि खरं सांगते, कोळी आता टीव्हीच्या शोकेसवर आहे आणि आलेला प्रत्येक माणूस विचारतोच. इलेक्ट्रिशियन आला होता, काम सोडून पाच मिनिटं त्याच्याभोवती फिरला, म्हणाला मॅडम हा अँटेना आहे का? म्हणजे गप्पा सुरू होतात, त्या बाबतीत स्टार्क पास.

पैठणीचं उदाहरण चांगलंय पण बघ, पैठणी कधी म्हणत नाही की मला रोज स्वयंपाकघरात वापरा. कोळ्याच्या खोक्यावर लिंबू पिळायचं यंत्र असंच लिहिलेलं असतं. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली पण आवृत्ती निघाली होती, दहा वर्षं झाली म्हणून, त्यात लिंबू पिळू नका असं सांगितलेलं, आम्लानं मुलामा खराब होतो म्हणून. मला तर तीच जास्त प्रामाणिक वाटते.

---

गड्डा_फिरणारा

काय बे, तुम्ही सगळे लिंबातच अडकलाय. लहानपणी गड्ड्यावरनं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरच्या जत्रेतनं, आणलेली पत्र्याची बोट आठवा की. बुडाला दोन नळ्या, मधे मेणबत्ती, पाण्यात सोडली की टर्र टर्र करत घंगाळात गोल फिरायची. ना सेल, ना चावी, एकही फिरणारा भाग नाही. नळीतल्या पाण्याची वाफ होते, पाणी बाहेर ढकलते, थंड होऊन परत आत ओढते, एवढ्यावर चाललंय. त्या किमतीत इतकं डोकं कुठल्या विदेशी कंपनीनं घातलंय सांगा. यंदा जानेवारीत पोराला घेऊन जत्रेत अख्खा फिरलो, सगळीकडे लाइट लागणारं प्लास्टिक. शेवटी एका म्हाताऱ्याकडे मिळाली, पोरगं दहा मिनिटं गप्प बसून बघत होतं. मोबाइल न देता दहा मिनिटं!

---

शिवणयंत्र

आमचा युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे, छोटाच, बारा मशिनी. धागा वाचून पहिल्यांदा वर बघितलं. आमच्या कटिंग टेबलवर एक जुना दिवा आहे, दोन हातांचा, स्प्रिंगा लावलेला, कसाही वाकवा, बोटानं ढकला, जिथं सोडला तिथंच थांबतो. कधीतरी नेटवर शोधलं तर कळलं की मूळचा अँगलपॉइज, जॉर्ज कार्वर्डाइन म्हणून इंग्रज इंजिनियर, गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणारा, त्यानं १९३२ ला पेटंट घेतलं. आमचा काय तो नव्हे, कुणीतरी बघून बनवलेला. पण तत्त्व तेच, वजन स्प्रिंगनं तोलून धरायचं, आपल्या कोपरासारखं.

धागाकर्तीच्या कसोटीवर सांगतो, वर्षातनं एकदा फुंकर मारायची. कापसाची धूळ स्प्रिंगमधे बसते तेवढीच.

आता नवीन एलईडीचे दिवे आणले होते, टच करून लागणारे, लई स्टायलिश. कारागिरांच्या बोटाला खडू लागलेला असतो, टच लागेना. पंधरा दिवसांत सगळ्यांनी त्यावर टॉवेल टाकले आणि जुन्याकडे परत.

---

माहेरवाशीण

टचवरून आठवलं, पुण्यात आमच्याकडे टचवाली काचेची शेगडी आहे. हात ओला असला की बंद होत नाही. दूध उतू जातं तेव्हा हात ओलाच असतो ना?? आणि दूध त्या बटणांवरच सांडतं, मग ती किंचाळायला लागते. आधीच्या शेगडीला कान पिळायचा होता, डोळे मिटून पिळता यायचा.

---

नवी_पेठ_कर

पंख्याचं पण बोला. आमच्या मेव्हण्यानं बिनपात्यांचा पंखा आणलाय, डायसनचा, गोल कडं नुसतं, मधे हात घातला तरी काही होत नाही. मला वाटलं जादू आहे, तर आत बुडाशी छोटा पंखा लपवलाय, तो हवा ओढून कड्याच्या फटीतनं फेकतो आणि ती हवा आजूबाजूची हवा ओढून नेते. २००९ ला आलाय म्हणे.

माझी बायको एवढंच म्हणाली की दिवाळीला हा पुसायला स्टुलावर चढावं लागणार नाही. तुमच्या आईंच्या कसोटीला पास की ओ! फक्त सोलापूरच्या मे महिन्यात त्याच्यापुढं बसलं की कुणीतरी लांबून फुंकर मारल्यागत वाटतंय, आणि त्या पैशात छताचे दहा पंखे आले असते.

---

अक्काची_सून

छताचे नवीन बीएलडीसी (बिनब्रशच्या मोटरचे) पंखे घ्या. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हा ३० च्या आसपास, रात्रभर चालतो, इन्व्हर्टरवर पण जास्त वेळ टिकतो. रिमोट मिळतो तो मात्र गादीखाली जाऊन बसतो. रिमोट हरवला तर वेग बदलायचा कसा, तर भिंतीवरचं बटण पटापट बंद-चालू करायचं. हे सासऱ्यांना शिकवताना जे झालं त्यावर वेगळा धागा निघेल.

---

दगडी_पाटी

एक राहिलं. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं आपल्या सरकारच्या बोलावण्यावरून भारतात फिरलं आणि त्यांनी जो अहवाल दिला त्यावरून पुढं १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था, निघाली. त्या अहवालात त्यांना भारतात बघितलेली सगळ्यात सुंदर वस्तू कुठली वाटली, तर लोटा. आपला तांब्या. तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, डोळे मिटून हाताला कसा लागतो, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो असे प्रश्न मांडलेत. आणि आत्ता परत काढून बघितलं तर त्यात हेही आहे की आतून-बाहेरून पोत कसा असावा, हाताला आणि घासायला.

म्हणजे आईंचा प्रश्न १९५८ मध्ये विचारून झालेला आहे. माझी उरलेली अर्धी माघार.

---

हुरडा_पार्टी

दगडी पाटी पूर्ण माघार घेतायत, हा क्षण जपून ठेवा रे कुणीतरी.

अवांतर: सगळ्यात भारी डिझाइन कडक भाकरी. पातळ थापायची, वाळवायची, महिनाभर काही होत नाही, प्रवासात वजन नाही, ताट नसलं तर तीच ताट, आणि घासायची गरज नाही, खाऊन टाकायची. घ्या.

---

चष्मिष

@ताणाबाणा, ताई एक विचारू? दुसऱ्यांच्या वस्तूंना नावं ठेवणं सोपं असतं. तुमच्या स्वतःच्या डिझाइनचं काय? ते आईंनी घासलंय का?

---

ताणाबाणा

येणारच होता हा प्रश्न. घे.

सहा-सात वर्षांपूर्वी मी एक पाण्याची बाटली केली होती. क्लायंट कोण ते राहू दे. मान बारीक, खांदे उतरते, अंगावर उभ्या रेषा, आणि त्या रेषा आतून पण उमटलेल्या, कारण प्लास्टिक पातळ ठेवून ताकद आणायची होती. मला तेव्हा फार अभिमान होता, सुरईची मान आहे, आपल्या मातीतली आहे असं सादरीकरणात म्हटलं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाटली खपली पण बरी. आईला दोन आणून दिल्या.

आता इथं राहायला आल्यावर एकदा सकाळी स्वयंपाकघरातनं खुळखुळ, खुळखुळ आवाज. बघते तर आई माझीच बाटली दोन्ही हातांनी हलवतेय. आत मूठभर तांदूळ, थोडा सोडा आणि कोमट पाणी. ब्रश मानेतनं जात नाही, गेला तरी रेषांच्या खाचेत पोचत नाही, आणि आपल्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर तिथंच बसतो. दर रविवारी ती हे करत होती. सहा वर्षं. मला एकदाही बोलली नाही, कारण "तुझं नाव आहे ना त्याच्यावर". नाव कुठलं, बुडाशी माझ्या हातची एक छोटी खूण आहे फक्त, मीच तिला हौसेनं दाखवली होती.

नळाला रोज पाणी येत नाही अशा घरात बाटली विसळायला तीन पाणी लागतात, हे मी कागदावर कुठंच लिहिलं नव्हतं. किती मिली मावतं, किती उंचीवरनं पडली तर फुटणार नाही, झाकण किती वेळा उघडलं तरी आटे झिजणार नाहीत, सगळं लिहिलं होतं.

---

चष्मिष

ताई 🙏 मी आता गप्प.

---

अक्काची_सून

ती बाटली आमच्याकडे आहे बहुतेक. उभ्या रेषावाली, निळी? त्यात आता मनीप्लांट लावलाय. छान दिसतो. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

---

पूर्वभाग

तुमचं नाव ताणाबाणा आहे आणि अजून चादरीचं कुणी बोललं नाही म्हणजे काय. आमचं घर तीन पिढ्या मागावरचं, आजोबा तेलंगणातनं आले, घरात अजून तेलुगू. म्हणून सांगतो, जीआय (भौगोलिक मानांकन) बियाय सोडा, ते कागद झालं. सोलापुरी जेकार्ड चादर हातात घ्या आणि कोपरा उलटा करा. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर, उलट्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. उलटी बाजू अशी नाहीच. दोन थर एकदम विणले जातात आणि नक्षीच्या कडेला वरचा खाली, खालचा वर अशी अदलाबदल होते. कुठला धागा कधी उचलायचा ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ ठरवते. फ्रान्सच्या जॅकार्डची युक्ती, १८०४ ची, आणि आमचे अण्णा त्या पुठ्ठ्याकडे नुसतं बघून सांगायचे कुठलं भोक चुकलंय, मोराची चोच फाटणार का पाय.

आता तुमची कसोटी. एक बाजू मळली, उलटी टाका. पाहुणे आले, परत उलटी टाका. दगडावर आपटून धुवा. मऊ होते, जात नाही.

---

ताणाबाणा

@पूर्वभाग, दंडवत. माझे वडील पण मागावरच होते, नाव उगाच नाही घेतलं. चादर मुद्दाम लिहिली नव्हती, घरचं कौतुक नको म्हणून. पण एक तक्रार आहे, ओली झाली की ती चादर पिळायला दोन माणसं लागतात. आई एक टोक नळाला गुंडाळायची आणि दुसरं स्वतः पिळायची. दोनदा नळ हातात आलाय.

---

पूर्वभाग

ते खरं. आमच्याकडे खिडकीचा गज वाकलाय.

---

माहेरवाशीण

आमच्या शेजारी कानडी काकू आहेत, त्यांचा पितळी कॉफी फिल्टर कुणी घेतला नाही यादीत? वरच्या भांड्याला बारीक बारीक भोकं, ती बुजली की काकू सरळ गॅसच्या ज्योतीवर धरतात, आतली पूड जळते, भोकं मोकळी. ब्रश नाही, पिन नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी काहीही सुटा भाग विकत घेतलेला नाही.

---

शिवणयंत्र

टिफिनच्या रबराबद्दल, आमच्या बायकोनं वाचून सांगितलं की रबराच्या एका कोपऱ्यात सुईनं जाड दोरा ओवून गाठ मारा, छोटं शेपूट ठेवा. ते धरून ओढलं की रबर निघतं. पण झाकणाच्या आतल्या बाजूनं ठेवा, नाहीतर डाळ गळेल. करून बघितलंय.

---

ताणाबाणा

@शिवणयंत्र, वहिनींना नमस्कार सांगा. आजच केलं, चालतंय. कंपनीला हे फुकट सांगणार नाही.

आणि हो, शेवटची बातमी. काल शोकेसवरचा कोळी गायब. शोधते तर देवघराशेजारी. आई बाळकृष्णाला क्रोशाच्या टोप्या विणते, जन्माष्टमीला ओळखीच्या सगळ्यांना देते. धुतलेली टोपी वाळताना आकसते, आकार जातो, म्हणून आजवर ती लिंबावर चढवून वाळत घालायची. आता स्टार्कच्या डोक्यावर पिवळी टोपी, खाली ओघळायला ताटली. पन्हळीतनं हवा खेळते म्हणे, लवकर वाळते, आणि लिंबासारखं सुकून बारीक होत नाही. "मापाला अगदी बरोबर आहे गं, आणि घासायचं पण काही नाही."

---

हुरडा_पार्टी

😂😂 फोटो टाका ताबडतोब.

---

अक्काची_सून

आमचा बाळकृष्ण जरा मोठ्या डोक्याचा आहे. काकूंना विचारा, माप कसं पाठवू? आणि लाल असेल तर बरं.